औषध किराणा दुकानात होतं, पण बिल कोण भरणार? पेलाग्राचं कोडं सोडवणाऱ्या डॉ. गोल्डबर्गर यांची गोष्ट

गोष्ट आहे १९१४ सालची. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांमध्ये एका विचित्र आजाराने धुमाकूळ घातला होता.

थंडी सरून ऊन वाढायला लागलं की लोकांच्या हातांवर, मानेवर, पायांवर लालसर चट्टे उठायचे. उन्हात भाजल्यासारखी कातडी सोलून निघायची. मग जुलाब सुरू व्हायचे. पुढे माणूस भ्रमिष्टासारखा वागायला लागायचा आणि अनेकदा त्यातच दगावायचा.

या आजाराचं नाव पेलाग्रा. शब्द मूळचा इटालियन, अर्थ खरखरीत कातडी. युरोपात तो दीडशे-पावणेदोनशे वर्षांपासून माहीत होता, पण अमेरिकेत विसावं शतक उजाडल्यावर तो एकदम सगळीकडे दिसायला लागला. १९०६ ते १९४० या काळात तिथे सुमारे ३० लाख लोकांना पेलाग्रा झाला आणि त्यातले सुमारे १ लाख लोक गेले, असा अंदाज सांगितला जातो.

तेव्हा बहुतेक डॉक्टरांना वाटत होतं की हा संसर्गजन्य रोग आहे. कुणी माश्यांना दोष देत होतं, कुणी उघड्यावरच्या शौचाला, कुणी सडक्या मक्याला. पेलाग्राच्या रुग्णाला हॉस्पिटलात घ्यायला लोक घाबरायचे. शेजारीपाजारी त्या घराकडे फिरकायचे नाहीत.

अशा वेळी अमेरिकी सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने आपल्या एका डॉक्टरला हा गुंता सोडवायला पाठवलं. त्यांचं नाव डॉ. जोसेफ गोल्डबर्गर.

गोल्डबर्गर मूळचे अमेरिकेचे नव्हते. त्यांचा जन्म १६ जुलै १८७४ चा, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातल्या एका छोट्या गावातला. ते गाव आज स्लोव्हाकियात आहे. घर ज्यू. वडील मेंढ्या पाळायचे. रोगाची साथ आली, कळप मेला आणि १८८३ मध्ये कुटुंबाने बोटीने न्यूयॉर्क गाठलं.

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत वडिलांनी किराणा दुकान टाकलं. लहानगा जोसेफ गिऱ्हाइकांच्या घरी सामान पोचवायचा. कुठल्या घरात काय जातं आणि कुणाच्या घरात काय जात नाही, हे त्याला त्या वयातच दिसत असणार.

कॉलेजात गेला तो इंजिनिअर व्हायला. पण एकदा मित्राबरोबर बेलव्ह्यू हॉस्पिटलच्या मेडिकल कॉलेजात एक व्याख्यान ऐकायला गेला आणि गडी तिथेच अडकला. इंजिनिअरिंग सुटलं. १८९५ मध्ये तो डॉक्टर होऊन बाहेर पडला.

पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी गावात त्यांनी दवाखाना टाकून पाहिला, पण त्यात मन रमेना. १८९९ मध्ये ते सरकारी आरोग्य सेवेत रुजू झाले. सुरुवातीचं काम होतं बंदरात उतरणाऱ्या स्थलांतरितांची तपासणी करायचं. म्हणजे ज्या वाटेने ते स्वतः आले, त्याच वाटेने येणाऱ्यांना आता ते तपासत होते.

पुढची वर्षं साथीच्या रोगांमागे पळण्यात गेली. पीतज्वर, डेंग्यू आणि टायफस या तिन्ही रोगांवर काम करताना ते तिन्ही रोग त्यांना स्वतःला झाले. तिन्ही वेळा ते बचावले. एकदा तर लोकांच्या अंगावर उठणाऱ्या पुरळाचं कारण त्यांनी गवताच्या गाद्यांमधल्या बारीक किड्यांपर्यंत नेऊन पोचवलं. त्यामुळे खात्यात त्यांचं नाव झालं होतं.

मधल्या काळात, १९०६ मध्ये, त्यांचं मेरी फरार यांच्याशी लग्न झालं. मेरी न्यू ऑर्लिन्सच्या नामांकित वकिलाची मुलगी. यादवी युद्धात दक्षिणेचे अध्यक्ष राहिलेले जेफरसन डेव्हिस हे तिच्या नात्यातले. इकडे ज्यू किराणा दुकानदाराचा मुलगा आणि तिकडे दक्षिणेतलं बडं ख्रिश्चन घराणं. दोन्हीकडून विरोध झाला, पण दोघं ठाम राहिले. पुढे हीच मेरी नवऱ्यासाठी जे करणार होती, ते ऐकून आजही अंगावर काटा येतो.

तर १९१४ मध्ये गोल्डबर्गर दक्षिणेत पोचले. आल्या आल्या प्रयोगशाळेत न शिरता त्यांनी आधी मनोरुग्णालयं, तुरुंग आणि अनाथाश्रम पालथे घातले.

तिथे त्यांना एक साधी गोष्ट खटकली. रुग्णांना पेलाग्रा होत होता, पण त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिकांना आणि नोकरांना होत नव्हता. दिवसरात्र एकाच छताखाली राहूनही नाही. संसर्गाने पसरणारा रोग असा माणसं पाहून निवड कशी करेल?

अनाथाश्रमात तर आणखी गंमत होती. साधारण ६ ते १२ वर्षांच्या मुलांना पेलाग्रा जास्त होत होता. त्यापेक्षा लहानांना आणि मोठ्यांना फारसा नाही. गोल्डबर्गर स्वयंपाकघरात गेले तेव्हा उलगडा झाला. अगदी लहान मुलांना दूध मिळत होतं. मोठी मुलं कामाला जात होती, म्हणून त्यांना मांसाचा वाटा मिळत होता. मधल्या मुलांच्या ताटात मात्र मक्याचं पीठ आणि काकवी एवढंच पडत होतं.

दक्षिणेतल्या गरिबांचं जेवणही हेच होतं. मक्याची भाकरी किंवा लापशी, काकवी आणि डुकराची खारवलेली चरबी. पोट भरायचं, पण अंगाला लागायचं काहीच नाही.

मग त्यांनी मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरातले दोन अनाथाश्रम निवडले. सरकारी पैशातून तिथल्या जेवणात दूध, अंडी, मांस आणि चवळीसारखी कडधान्यं वाढवली. बाकी काहीच बदललं नाही. ना स्वच्छता, ना गाद्या, ना खोल्या.

दोन्ही ठिकाणी मिळून शंभराहून जास्त मुलांना आधीच्या वर्षी पेलाग्रा झालेला होता. पुढच्या वर्षी त्यातल्या जेमतेम एका मुलाला तो पुन्हा झाला.

औषध सापडलं होतं. ते कुठल्या बाटलीत नव्हतं, किराणा दुकानात आणि गोठ्यात होतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. प्रयोगाची मुदत संपली, सरकारी पैसा थांबला आणि ताटात पुन्हा जुनं जेवण आलं. त्याबरोबर पेलाग्राही परत आला. रोग तोच, इलाज माहीत असलेला, मुलंही तिथलीच. फक्त दुधाअंड्यांचं बिल भरणारं कुणी उरलं नव्हतं.

तरीही डॉक्टर मंडळींचा विश्वास बसेना. चांगलं खाल्लं की कुठलाही रोग बरा होतो, त्यात काय सिद्ध झालं, असा त्यांचा सूर होता. मग गोल्डबर्गर यांनी उलटा प्रयोग करायचं ठरवलं. निरोगी माणसांना फक्त गरिबाचं जेवण देऊन पेलाग्रा होतो का, ते बघायचं.

१९१५ मध्ये मिसिसिपीच्या गव्हर्नरांच्या परवानगीने रँकिन इथल्या तुरुंगाच्या शेतावर १२ कैदी तयार झाले. मोबदला म्हणून शिक्षा माफ होणार होती. त्यांना मका, भात, काकवी, रताळी, कोबी असं जेवण भरपूर दिलं गेलं. दूध, मांस, अंडी मात्र पूर्ण बंद. एक जण दुसऱ्या आजारामुळे मध्येच बाहेर पडला. उरलेल्या ११ पैकी ६ जणांना काही महिन्यांत पेलाग्राची लक्षणं दिसली. शेजारी राहणाऱ्या, नेहमीचं जेवण जेवणाऱ्या इतर कैद्यांना काहीही झालं नाही.

सुटकेचं आमिष दाखवून कैद्यांना आजारी पाडणं आजच्या नियमांत बसणार नाही. या प्रयोगावर नंतर टीका झाली आणि ती रास्तच आहे.

त्यानंतरही विरोधक मानेनात. तेव्हा गोल्डबर्गर यांनी प्रयोगासाठी स्वतःलाच पुढे केलं.

एप्रिल १९१६ पासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेलाग्राच्या रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. रुग्णांच्या नाकाघशातला स्राव स्वतःच्या नाकाघशात लावला. एवढ्यावर न थांबता रुग्णांच्या कातडीच्या खपल्या, लघवी आणि विष्ठा पिठात कालवून त्याच्या गोळ्या गिळल्या. एकूण १६ जण यात सामील झाले. त्यात एकच बाई होती, मेरी गोल्डबर्गर. तिनेही रुग्णाचं रक्त टोचून घेतलं.

पोट बिघडणं सोडलं तर कुणालाही काही झालं नाही. पेलाग्रा तर एकालाही नाही. हा रोग संसर्गाने पसरत नाही, यावर त्यांनी आपल्या शरीराने शिक्का मारला होता.

आता पुढचा प्रश्न होता. चांगलं खाल्लं की पेलाग्रा होत नाही, हे ठीक. मग लोक चांगलं खात का नाहीत?

दक्षिणेतली मोठी माणसं म्हणायची की गरिबांना कळत नाही, त्यांना सवयच तशी आहे. गोल्डबर्गर यांना ते पटत नव्हतं. म्हणून त्यांनी जोडीला घेतला एक अर्थतज्ज्ञ, एडगर सिडेनस्ट्रिकर. पुढे साहित्याचं नोबेल मिळवणाऱ्या पर्ल बक यांचा हा मोठा भाऊ.

१९१६ मध्ये या दोघांनी आणि डॉ. जॉर्ज व्हीलर यांनी साउथ कॅरोलायनातली कापड गिरण्यांची सात गावं निवडली. गिरणी, गिरणीच्या चाळवजा वस्त्या आणि गिरणीचंच किराणा दुकान, असं त्या गावांचं रूप. या टीमने घरोघरी फिरून दर दोन आठवड्यांनी कुणाला पेलाग्रा झाला ते तपासलं. कुठल्या घरात किती कमाई येते ते लिहिलं. दुकानाच्या वहीतून कुणी काय सामान नेलं तेही उतरवून घेतलं.

त्यांनी हिशेबही बारकाईने केला. घरात माणसं किती आणि त्यांची वयं काय, हे धरून दर पंधरवड्याला माणशी कमाई किती पडते ते काढलं. सर्वात खालची पायरी ६ डॉलरपेक्षा कमी, सर्वात वरची १४ डॉलर आणि त्याहून जास्त. एकेक पायरी वर चढावी तसा पेलाग्रा कमी होत गेला. वरच्या पायरीवर तो जवळपास नव्हताच.

पण नुसती कमाईही पुरेशी नव्हती. न्यूरी नावाच्या गावात पेलाग्राचा एकही रुग्ण सापडला नाही. इनमन मिल्स या गावात मात्र तो भरपूर होता, आणि पगारात म्हणावा तसा फरक नव्हता. कारण शोधलं तर ते आजूबाजूच्या शेतांत निघालं. न्यूरीच्या भोवती शेतकरी भाजीपाला, दूध, मांस गावात आणून विकत होते. इनमन मिल्सच्या भोवती जिकडे पाहावं तिकडे कापूस. पैसे असले तरी विकत घ्यायला ताजं काही नव्हतं.

म्हणजे पेलाग्राची मुळं कमी पगारात, गिरणीच्या दुकानातल्या उधारीत, बटईच्या शेतीत आणि घराच्या उंबऱ्यापर्यंत कापूस लावायला लावणाऱ्या जमीनदारीत होती. हे सांगणारा न्यूयॉर्कचा ज्यू सरकारी डॉक्टर दक्षिणेतल्या पुढाऱ्यांना आवडणं शक्यच नव्हतं.

१९२० मध्ये कापसाचे भाव कोसळले. गोल्डबर्गर यांनी लगेच इशारा दिला की आता पेलाग्रा वाढणार. १९२१ च्या उन्हाळ्यात अध्यक्ष हार्डिंग यांनी दक्षिणेसाठी मदतीची हाक दिली. त्यावर दक्षिणेतले पुढारी आणि वर्तमानपत्रं आभार मानायचे सोडून भडकले. दक्षिणेत उपासमार आहे असं म्हणणं म्हणजे आमची बदनामी, अशी भूमिका त्यांनी घेतली. मदत बाजूला राहिली. पेलाग्रा राहिला तिथेच.

मोठे बदल आपल्या हातात नाहीत हे ओळखून गोल्डबर्गर यांनी स्वस्त इलाज शोधायला सुरुवात केली. कुत्र्यांना होणारा काळ्या जिभेचा रोग हा पेलाग्राचाच भाऊबंद आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. कुत्र्यांवर एकेक पदार्थ तपासता तपासता त्यांना सापडलं ब्रुअर्स यीस्ट, म्हणजे बिअर तयार करताना वापरलं जाणारं यीस्ट. रोज थोडंसं यीस्ट घेतलं की पेलाग्रा हटत होता आणि त्याला खर्च येत होता अगदी किरकोळ.

१९२७ मध्ये मिसिसिपी नदीला महापूर आला. लाखो लोक छावण्यांत गेले. गोल्डबर्गर आणि सिडेनस्ट्रिकर पूरग्रस्त भागात फिरले आणि रेड क्रॉसने हजारो पौंड यीस्ट वाटलं. पेलाग्रावरचा इलाज दानाच्या पैशातून का होईना, पहिल्यांदाच इतक्या मोठ्या प्रमाणावर लोकांपर्यंत पोचला. पण पूर ओसरला की दानही ओसरतं, हे दोघांनाही माहीत होतं.

गोल्डबर्गर यांच्या हातात फार वेळ नव्हता. मूत्रपिंडाच्या कॅन्सरने १७ जानेवारी १९२९ रोजी ते गेले. वय अवघं ५४. त्यांची राख पोटोमॅक नदीवर विखुरण्यात आली. नोबेलसाठी त्यांचं नाव अनेकदा सुचवलं गेलं होतं, पण मिळालं कधीच नाही.

पेलाग्रा रोखणारा नेमका घटक कोणता, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. तो १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी शोधला. निकोटिनिक ॲसिड, म्हणजेच नायसिन. ब गटातलं जीवनसत्त्व. मक्यात ते असतं, पण शरीराला वापरता येत नाही अशा रूपात. मेक्सिकोचे मूळ रहिवासी मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचे, त्यामुळे ते मोकळं व्हायचं. अमेरिकेने त्यांचा मका घेतला, पण चुना मागेच राहिला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत पाव आणि पिठात नायसिन मिसळायला सुरुवात झाली. लोकांची कमाई वाढली, जेवण सुधारलं आणि पेलाग्रा जवळपास नाहीसा झाला.

पण या गोष्टीचा एक धागा लटकतच राहिला. तो आहे सिडेनस्ट्रिकर यांचा.

ज्या वर्षी गिरणीगावांचा अभ्यास सुरू झाला, त्याच १९१६ मध्ये सिडेनस्ट्रिकर यांनी डॉ. बेंजामिन वॉरन यांच्यासोबत आरोग्य विम्यावर एक सरकारी अहवाल लिहिला होता. आजारपणाचा भार एकट्या कामगारावर न टाकता मालक, कामगार आणि समाज या तिघांनी मिळून उचलावा, असा त्याचा रोख होता. पुढे १९३४ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांची समिती सामाजिक सुरक्षा कायद्याची तयारी करत होती, तेव्हा आरोग्य विम्याच्या बाजूचं काम त्यांच्याकडे आलं. डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. १९३५ चा कायदा आरोग्य विम्याशिवायच मंजूर झाला. पुढच्याच वर्षी सिडेनस्ट्रिकर गेले.

गरिबांसाठी मेडिकेड हा सरकारी आरोग्य विमा आला थेट १९६५ मध्ये. तोवर गरिबांना धान्य देण्याची फूड स्टॅम्पची योजना वेगळ्या खात्यात, वेगळ्या कायद्याने सुरू झाली होती. त्यामुळे औषधाचं बिल एकीकडे आणि ताटाचं बिल दुसरीकडे, अशी वाटणी पडली. मधुमेहाच्या रुग्णाचा पाय कापायचा तर विमा पैसे देतो, पण तो पाय वाचवणाऱ्या भाजीपाल्याचे सहसा देत नाही.

गेल्या काही वर्षांत ही भिंत थोडी खिळखिळी झाली आहे. खास परवानगी घेऊन काही राज्यांनी मेडिकेडच्या पैशातून रुग्णांना जेवण आणि भाजीपाला द्यायला सुरुवात केली. मॅसॅच्युसेट्सने २०२० मध्ये, नॉर्थ कॅरोलायनाने २०२२ मध्ये. नॉर्थ कॅरोलायना म्हणजे गोल्डबर्गर यांच्या गिरणीगावांचं शेजारचं राज्य. तिथे फळं-भाज्यांचे खोके थेट घरी पोचायला लागले. पण जुलै २०२५ मध्ये निधीअभावी तिथलं काम थांबलं. जॅक्सनच्या अनाथाश्रमात जे झालं होतं, जवळपास तेच.

आणि हा विषय फक्त अमेरिकेचा नाही. पेलाग्रा दख्खनच्या पठारावरही होता. हैदराबादच्या परिसरात जवळजवळ नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांमध्ये तो दिसायचा. डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास त्यावर महत्त्वाचं संशोधन केलं. दोष एकट्या ज्वारीचा नव्हता. भाकरीसोबत डाळ, दूध किंवा शेंगदाणे असले की कुणाला काही होत नव्हतं. प्रश्न होता तो ताटात दुसरं काहीच नसण्याचा.

आजही आयुष्मान भारत किंवा महात्मा फुले जनआरोग्य योजना हॉस्पिटलातल्या उपचारांचा खर्च उचलते. घरी गेल्यावर ताटात काय पडणार, ही जबाबदारी कुटुंबाची. टीबीच्या रुग्णांचा मात्र अपवाद आहे. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून उपचार सुरू असेपर्यंत दरमहा ५०० रुपये थेट खात्यात मिळायचे आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली. इथे आहार हा उपचाराचा भाग आहे, हे सरकारने मान्य केलं आहे.

किराणा सामान पोचवणाऱ्या त्या पोराने शंभर वर्षांपूर्वी हेच दाखवून दिलं होतं. त्यासाठी त्याने स्वतःच्या आणि बायकोच्या अंगात रुग्णाचं रक्त टोचून घेतलं. रोगाचं कारण कळलं, इलाजही कळला. त्या इलाजाचं बिल कोण भरणार, हा हिशेब मात्र अजून मिटलेला नाही.